तुम्ही तशा दिसत नाही

१२ फेब्रुवारी १९९२

आज माझी ओटी भरली. पाटलाच्या घरात, देवघरासमोर, पाटावर बसवून. आणि रुद्राणीला गोठ्यापाशी कान तुटक्या कपातून चहा दिला!

पन्हाळ्याच्या वाटेवरचं गाव. शूटिंग चालू. दुपारच्या सुट्टीत त्या घरातल्या दोन सुना आल्या — 'बाई, आमच्या आत्याबाईंनी बोलावलंय, चला की.' माझ्या अंगावर हिरवं इरकल, नाकात नथ, कपाळाला ठसठशीत कुंकू. पडद्यावरची पाटलीण म्हणून खऱ्या पाटलिणीचं बोलावणं. खण, नारळ, तांदूळ, हळद-कुंकू, सगळं रीतसर. त्यांच्या म्हाताऱ्या सासूनं माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाली, 'बघितल्या बघितल्या कळतंय की, चांगल्या घरातली हाय.'

काय बोलणार? हौसा कांबळे हे नाव सांगून तांदूळ परत घ्यायला लावू? त्यात नवरा जाऊन चार वर्षं झाली. ते कळलं असतं तरी ओटी भरली नसती.

रुद्राणी गडहिंग्लजकडची. लिंगायत, गळ्यात लिंग. पण रंगानं काळी, म्हणून सिनेमात आली तशी वस्तीतल्या बाईचंच काम करते. कपडेपटातलं फाटकं लुगडं, अंगाला राख. गावाला वाटलं, सिनेमावाले ज्या कामाला ज्या जातीचं माणूस लागतं ते आणतात. तिला कुणी घरात बोलावलं नाही. चहा बाहेरच, आणि वर फर्मान — 'कप इसळून वळचणीला ठेव गं.'

टेम्पोत बसल्यावर तिनं हे सांगितलं आणि आम्ही हसून हसून लोळलो. 'अय्यो शिवा! अक्का, तुझी ओटी आणि माझी इसळाइसळी! आमच्या सासूला कळलं तर मला उंबऱ्यातच न्हाऊ घालंल. आणि त्या म्हातारीला तुझं कळलं तर ती सगळं घर धुऊन काढंल!'

घराशी उतरले तोवर हसू संपलं होतं. पाय दुखत होते.

१३ फेब्रुवारी

ओटीतल्या तांदळाचा भात केला. तांदूळ चांगला होता. प्रेरणा दोनदा वाढून घेऊन जेवली. दहा वर्षांची पोर, तिला काय सांगायचं कुठले तांदूळ ते.

५ मार्च १९९२

पिक्चर संपलं. माझं शेवटचं काम — माडीवरून वस्तीतल्या बाईला 'चालती हो' म्हणायचं. ती बाई रुद्राणी. कागदावर तिचं नाव 'बाई २'. 'बाई १' शूटिंगला आलीच नाही, तरी ही दोनच राहिली.

अठरा वर्षं झाली या धंद्यात. पिक्चरं बदलतात, गोष्ट तीच. आमच्या माणसांनी हात जोडून उभं राहायचं. मग झोपडी पेटते. मग हिरो घोड्यावरून येतो. हिरो कोण, तर पाटलाचाच धाकटा. आग लावणारा पाटील, विझवणाराही पाटील! आम्ही मधल्या मध्ये बोंबलायचं. त्यातही 'आम्ही' म्हणजे मी नाही. मी माडीवर.

पहिल्या पिक्चरच्या मालकानं मला वरून खाली बघितलं होतं. 'गोरा रंग, घारे डोळे. पाटलीण सापडली.' मग नाव विचारलं. हौसा कांबळे म्हटल्यावर जरा थांबला. 'पडद्यावर नुसतं हेमलता टाकू. आडनाव कशाला?' मी कधी लपवलं नाही. कोल्हापुरात धंद्यातल्या सगळ्यांना ठाऊक आहे. बोलत कुणी नाही, एवढंच.

रंग आईचा. आई तर माझ्याहून उजळ. त्या रंगानं तिला सुख लागू दिलं नाही. 'तू कुणाची गं?' म्हणून पाणंदीत अडवून विचारायची माणसं, आणि दात काढायची. तिचा एक फोटो नाही. म्हणायची, 'माझं तोंड कागदावर कशाला? गावानं बघितलंय तेवढं बास की.' प्रेरणा झाली त्याच्या आधीच गेली.

एकदा, एकदाच मला आईचं काम करायचंय. तिच्यासारखं लुगडं नेसून, तिच्यासारखा कमरेवर हात ठेवून पडद्यावर उभं राहायचंय. प्रेरणाला शेजारी बसवून सांगायचंय — ही बघ तुझी आज्जी. अशी होती.

एवढंच मागणं. फार आहे का?

१९ जून १९९६

बाळासोंकडे जाऊन आले. त्यांचं नवीन पिक्चर निघतंय. वस्तीतल्या म्हातारीचं काम आहे, दोनच प्रसंग. मी म्हटलं, मला द्या. ते पान थुंकायला उठले आणि परत येऊन बसले.

'हेमाताई, तुम्ही कुठल्या ते मला ठाऊक हाय. पब्लिकला न्हाय. पब्लिकला वस्तीतली बाई म्हटलं की काळी पायजे. तुम्ही तशा दिसत न्हाई, त्याला मी काय करू?'

'माझी आई अशीच दिसत होती की.'

'मग तुमची आईबी पिक्चरमदी चालली नसती.'

चहा पाजला. रिक्षापर्यंत सोडायला आले. माणूस वाईट नाही. वाईट असता तर दोन शिव्या देऊन मोकळी झाले असते.

२० जून

रुद्राणीला सांगितलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, 'मला बघाय आलेलं पावणं माझा रंग बघून चहा न पिताच उठलं होतं. तुझा रंग मला दे, माझा तू घे. दोघींचंबी भागंल.'

तव्यावरची भाकरी करपली तेव्हा तिला भान आलं.

२ ऑक्टोबर १९९९

यंदा एकच काम. एक नवरा, दोन बायका, नवरा कपाटात लपतो. मी बंगल्यातली सासू. चार दिवसांत उरकलं.

आता पिक्चरात गावच राहिलं नाही. पाटील नाही, वस्ती नाही. सगळ्यांना नावं आहेत, आडनाव कुणालाच नाही. मला वाटलं, चला, सुटलं एकदाचं! पण मग बघितलं — रुद्राणीला कुणी बोलावतच नाही. बंगल्यातली मोलकरीणसुद्धा गोरी घेतात. पूर्वी निदान बोंबलायला तरी माणसं लागत होती.

रुद्राणी शिरोली एमआयडीसीत जेवणाचे डबे देते आता. फाउंड्रीतल्या पोरांना तिची आमटी आवडते म्हणे.

८ जानेवारी २००३

पुण्याहून गुरुप्रसाद नावाचा दिग्दर्शक आलाय. तिशीतला, खादीचा झब्बा, बोलणं मवाळ. स्टुडिओत सगळ्यांना कागद वाचायला दिला.

तुळसा नावाची बाई. साठ वर्षांपूर्वीचं गाव. पोराला शाळेत घालायला निघालेली आई. वस्तीतल्या बाईला नाव! पानंच्या पानं तिचं बोलणं. जात सरळ नावानिशी घेतलीय, आडपडदा नाही. घोड्यावरून कुणी येत नाही. जे करते ते तीच करते. वाचताना मला रडू आवरेना. ही तर आईच. मला शाळेत घालायला मास्तरांच्या दारात दुपारभर उन्हात बसली होती.

गुरुप्रसाद म्हणाला, 'ताई, आजवर आपल्या सिनेमानं या लोकांना नुसतं हात जोडायला लावलं. मला खरं दाखवायचंय.' मी म्हटलं, अगदी बरोबर. आणि वाट बघत बसले.

'तुम्ही पाटलीण,' तो म्हणाला. 'तुळसा रुद्राणीबाई. काय चेहरा आहे!'

११ जानेवारी

गुरुप्रसाद घरी आला होता. वही-पेन घेऊन. त्याला अभ्यास करायचाय. म्हणाला, 'हेमाताई, तुमच्या माहेरी गड्यामाणसांशी कसं बोलायचे?'

'माहेरी गडी नव्हते.'

'मग शेण-झाडलोट कोण करायचं?'

'आम्हीच.'

'अच्छा!' म्हणून त्यानं लिहून घेतलं. प्रेरणा आत हसू दाबत होती. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आहे. त्याकडं बघून तो म्हणाला, 'तुमच्या घरात हा फोटो बघून फार बरं वाटलं.'

१२ जानेवारी

प्रेरणा हसायची थांबली आणि चिडली. बीए झाली, आता एमए करतेय, सगळं थेट बोलते. 'आई, सांग की त्याला. तोंड शिवलंय काय तुझं? पुण्यातनं आलाय बिचारा खरं शोधत, आणि खरं समोर चहा देतंय.'

'रुद्राणीचं काम जाईल.'

'आणि तुझं? आयुष्यभर तूच रडत आलीस — आईचं काम, आईचं काम.'

भांडी घासत बसले.

१५ जानेवारी

सांगितलं. स्टुडिओच्या कँटीनमध्ये, वडा-पाव खाताना. 'मी कांबळे. तुमची तुळसा ती माझी आईच समजा.'

तो घास तसाच धरून बसला. मग उठून मला चक्क वाकून नमस्कार केला! सगळं कँटीन बघायला लागलं. मी म्हटलं, अहो बसा, वडा गार होईल. 'ताई, मला माफ करा,' दोनदा म्हणाला. मला वाटलं झालं, मिळालं काम.

मग त्याचा चेहरा बदलला. 'पण ताई... कॅमेरा आहे ना. तुमच्या चेहऱ्यावर ते दिसत नाही.'

'काय ते?'

'सोसलेलं.'

घरी येऊन आरशासमोर बसले बराच वेळ. सोसलेलं कुठं दिसतं म्हणे माणसाच्या तोंडावर? मला तर डोळ्यांखालची सूज दिसली, ती सायनसची.

१८ जानेवारी

त्याचाच फोन आला. दोन दिवस झोपला नाही म्हणे. 'ताई, रंग लावून बघू या. जमलं तर तुळसा तुमची.'

मी हो म्हटलं. चटकन म्हटलं. रुद्राणीचा विचार फोन ठेवल्यावर आला.

२० जानेवारी

मेकअपला पिराजी होता. जुना माणूस, माझ्या पहिल्या पिक्चरपासूनचा. अजून हौसाच म्हणतो. त्यानं डबा उघडला. काळपट तपकिरी लेप. 'डोळं मीट,' म्हणाला, आणि तोंड, मान, कान, दंड, पायाच्या पोटऱ्या — सगळीकडे चोपडत गेला. चष्मा सारखा नाकावर सारत होता. म्हातारा झालाय.

डोळे उघडले. आरशात एक बाई. कुणाची तरी आई असेल. माझी नव्हे.

काळ्यात वाईट काय? रुद्राणी काळी आहे आणि देखणी आहे, माझ्याहून देखणी. पण तो तिचा रंग आहे. तिच्या आईबापानं दिलेला. हा डब्यातला. ज्या रंगापायी आईला 'तू कुणाची' म्हणून हिणवलं, तोच पुसून टाकून आता मी म्हणू, ही बघा माझी आई?

मागून गुरुप्रसाद म्हणाला, 'ताई! आता तुम्ही खऱ्या वाटता.'

मी पिराजीला म्हटलं, पूस.

'मी अशीच करते,' गुरुप्रसादला म्हटलं. 'आहे या तोंडानं.'

'लोकांना कळणार नाही हो. म्हणतील ही वाड्यावरचीच.'

'पडू द्या की घोटाळ्यात जरा.'

त्यानं खरंच विचार केला. मग हळूच म्हणाला, 'पुढच्या सिनेमात नक्की.' पोरगा मनानं चांगला आहे. चांगल्या माणसांनीच दमवलंय मला.

लेप मानेच्या सुरकुत्यांतून निघता निघेना. खोबरेल लावून बसले.

२१ जानेवारी

प्रेरणा कालपासून धुसफुसतेय. शेवटी ताटावर बोलली. 'करायचं होतंस. रंगाचं काय एवढं? गोष्ट आपली हाय ते महत्त्वाचं.'

मी म्हटलं, 'तुझी आज्जी गोरी होती.'

'माहीत हाय. हजार वेळा सांगितलंस.'

२३ जानेवारी

रुद्राणी आली. डब्यांची पिशवी खांद्यावर तशीच. स्टुडिओतनं कुणीतरी तिला सगळं सांगितलेलं. उंबऱ्यातनंच म्हणाली, 'अक्का, काम तुझं हाय. मी सोडतो.'

'आत तर ये.'

'न्हाय. आधी बोल. सोडतो म्हणून सांगू काय त्याला?'

'सोडू नको. त्याला मी नको, रंग पायजे. तुझा आयता तयार हाय.'

हे बोलायला नको होतं. तिचा चेहरा पडला. मग आत येऊन बसली आणि एकदम रडायलाच लागली. 'परवा वाचन झालं. दिवसभर मला सगळी तुळसाबाई, तुळसाबाई म्हणत होती. इतक्या वर्षांत सेटवर मला कुणी नावानं हाक मारली न्हाय गं. ए बाई, ए दोन नंबर. मला ते सोडवत न्हाय, अक्का. सोडतो म्हणून आलो खरी, पर तू हो म्हणाली असतीस तर मी मेलो असतो.'

दोघी रडलो. मग पिठलं केलं. जाताना म्हणाली, 'मला काय येतंय त्यातलं? माझ्या बापाच्या दारातच इहीर, पाणी कधी मागावं लागलं न्हाय. शिकव मला. तुझी आई कशी करायची ते सगळं शिकव.'

२६ फेब्रुवारी

रोज संध्याकाळी रुद्राणी येते. मी शिकवते.

पाणी मागायचं कसं. विहिरीपासून लांब उभं राहायचं, हाक मारायची नाही, कुणाची दया येईपर्यंत नुसतं उभं राहायचं. ओंजळ कशी धरायची. रुद्राणी सारखी हात पुढं करते. भांडं घ्यायला केल्यागत! अगं, हात पुढं नाही. ओंजळ तोंडाशी, कोपरं अंगाला चिकटलेली, कमरेत वाकून. वर बघायचं नाही. वर बघितलं की पाणी नाकात जातं, आणि बघणं चालतही नव्हतं.

'आमच्यात जात न्हाय म्हणत्यात,' रुद्राणी म्हणाली, तोंड पुसत. 'आणि लग्नाला पोटजात बघितल्याशिवाय ताट वाढत न्हाईत. पर हे... हे मला ठाऊकच नव्हतं गं.'

मग आईचं हसणं शिकवलं. कमरेवर उलटा हात, मान जराशी कलती. घरात, वस्तीत, आपल्या माणसांत असली की ती अशी हसायची. गावात कधी नाही. पदराचं टोक दातात धरून धुणं पिळायची, ते दिलं. शिव्या द्यायची, त्या दिल्या. चालायची कशी — पायात काटा असल्यागत जरा डाव्या अंगावर — तेही.

चला. रंग नाही तर नाही, हातपाय तरी आईचे जातील पडद्यावर. बरं वाटलं आज. बऱ्याच दिवसांनी.

४ मार्च २००३

पाण्याचा प्रसंग झाला. मी ओट्यावर, हातात तांब्या. खाली रुद्राणी, ओंजळ धरून. गुरुप्रसादला तिच्या गळ्यातला दोरा दिसला. 'बाई, ते लिंग काढून ठेवा.' ती म्हणाली, 'जीव गेला तरी काढत न्हाय. वाटलं तर दुसरी बघा.' शेवटी चोळीच्या आत खोचलं आणि वरून पदर घेतला. लिंगायताच्या ओंजळीत कांबळेणीनं वरून पाणी ओतायचं, आणि सगळ्यांनी समजायचं उलटं!

'ताई, अजून उंचावरून.' ओतलं. 'अजून उंच.'

लहानपणी मी ओंजळीच्या बाजूला होते. वरच्या बाजूनं ती ओंजळ कशी दिसते ते आज बघितलं. माणूस दिसतच नाही. नुसता भांग आणि वाकलेली पाठ. रुद्राणीनं आईसारखी कोपरं घट्ट धरली होती. माझा तांब्या हलायला लागला, पाणी तिच्या मानेवर सांडलं, पाठीवर, लुगड्यावर.

'कट! अप्रतिम!' गुरुप्रसाद ओरडला. 'पाटलिणीच्या मनातली अपराधाची भावना — ताई, काय दाखवलीत!'

मी खाली बसले. रुद्राणीनं वर बघितलं आणि म्हणाली, 'गार होतं गं पाणी.'

१७ ऑगस्ट २००४

पेपरात गुरुप्रसादची मुलाखत. सिनेमा लागायचाय, म्हणून. त्यात माझं नाव, आडनावासकट. 'पाटलीण रंगवणाऱ्या हेमलता प्रत्यक्षात त्याच समाजातल्या, हाच आमच्या सिनेमाचा मोठेपणा' वगैरे. चांगल्या मनानं सांगितलंय. मला विचारून सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

प्रेरणानं पाच पेपर विकत आणले.

२ सप्टेंबर

मालिकेचं काम गेलं. मोठ्या घरातल्या आईसाहेबांचं होतं. दोन वर्षं तरी चाललं असतं. मालिकेच्या ऑफिसातली मुंबईची पोरगी फोनवर सारखी अडखळत होती. 'तसं काही नाही हो मॅडम, आम्ही असलं काही मानत नाही. फक्त पेपरात आल्यामुळं प्रेक्षकांना आता पटेल का, एवढंच.'

तीस वर्षं पटत होतं. तोंड तेच आहे.

आता मी वाड्यातही बसत नाही आणि वस्तीतही. हसावं की रडावं! कंटाळा आला नुसता.

२२ ऑक्टोबर २००४

सिनेमा लागला. पहिला खेळ. मी, प्रेरणा, रुद्राणी आणि तिचा पोरगा मल्लेश, ओळीनं बसलो. थिएटर भरलेलं. आमच्या बाजूची पोरं होतीच, पण पेठांतली माणसंही होती, बायका होत्या. जातीचं नाव आलं तेव्हा कुणी खाकरलं नाही, कुणी उठून गेलं नाही. बाळासोही आले होते, मागं उभे राहून बघत होते. बारा वर्षांपूर्वी हे पिक्चर काढलं असतं तर खुर्च्या फुटल्या असत्या. तेवढं बदललंय, ते कबूल करायला पाहिजे.

आणि रुद्राणी! काय काम केलंय बाईनं. कमरेवर उलटा हात ठेवून हसली तेव्हा मी अंगावरचा पदर ओढून घेतला. पदराचं टोक दातात. डाव्या अंगावर कलतं चालणं. सगळं जसंच्या तसं. पाण्याच्या प्रसंगाला बायका हुंदके देत होत्या आणि माझ्या नावानं शिव्या घालत होत्या. शेजारी रुद्राणी आपलंच काम बघून लहान पोरासारखी रडत होती.

खेळ सुटल्यावर पोरींनी तिला गराडा घातला. पाया पडत होत्या. 'आमची आज्जी आठवली,' म्हणत होत्या. तिनं मला हात करून बोलावलं, 'हिला इचारा, हिनं शिकवलं,' म्हणाली. पोरींनी माझ्याकडं बघितलं आणि जरा मागं सरकल्या. पाटलीण ना मी.

चालत घरी आलो. प्रेरणाचे डोळे सुजलेले. मग म्हणाली, 'आई, मला आज आज्जी दिसली.'

'हात-पाय तिचेच आहेत,' मी म्हटलं. 'रंग सोड. रंग माझ्यासारखा होता.'

'राग मानू नको,' ती म्हणाली. 'तू सांगायचीस ना, गोरी, घाऱ्या डोळ्यांची — ती मला कधी खरी वाटलीच न्हाय. वाटायचं, आईनं सजवून सांगितलेली गोष्ट हाय. आज खरी वाटली.'

हात धरला तिचा. रस्त्यात खड्डे फार झालेत.

२३ ऑक्टोबर

काही लिहायला नाही.

९ नोव्हेंबर २००४

आज आईला जाऊन पंचवीस वर्षं झाली. प्रेरणा कॉलेजात. एकटीनं मेणबत्ती लावली, समोर बसले, डोळे मिटले.

आई आली. कमरेवर उलटा हात ठेवून हसली. काळी.

डोळे उघडले, पुन्हा मिटले. तशीच.